पुन्हा जोडताना

एका लांब बोल्टवर आठ नट एकापाठोपाठ एक बसवलेले आहेत आणि प्रत्येकावर वेगळे अक्षर कोरलेले आहे, असे मानले तर ते नट काढण्याची रीत एकच निघते, कारण बाहेरचा नट काढल्याखेरीज आतला हाती येत नाही. तेच नट पुन्हा चढवायचे म्हटले, तर मात्र ते ४०,३२० निरनिराळ्या क्रमांनी चढवता येतात आणि त्यांतला बरोबर क्रम एकच असतो. मानवी चुकांच्या अभ्यासाला शास्त्राचे रूप देणाऱ्यांपैकी एक असलेले ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी देखभालीच्या कामातील मूळ अडचण या साध्या उदाहरणाने समजावून दिली. यंत्र सुटे करताना पुढची पायरी यंत्रच दाखवते. जोडताना ती माणसाच्या स्मरणात, कागदावर किंवा सहकाऱ्याच्या सांगण्यात असावी लागते, आणि एखादी पायरी गळली तर वरून झाकण बसल्यावर ती गळल्याची खूणसुद्धा उरत नाही. विमानांच्या देखभालीतील चुकांमध्ये कामाचा एखादा भाग करायचाच राहून जाणे हा प्रकार ठळकपणे आढळतो, त्याचे कारण इथे आहे.

प्रवासी विमानाची देखभाल बिघाड झाल्यावर नव्हे, तर बिघाड होण्याआधी ठरलेल्या वेळापत्रकानुसार केली जाते. दोन उड्डाणांच्या मधली पाहणी, रात्रीच्या मुक्कामातील तपासणी, काही शे उड्डाण-तासांनंतरची ‘ए चेक’, साधारण दीड-दोन वर्षांनी येणारी ‘सी चेक’ आणि कित्येक वर्षांतून एकदा विमान जवळजवळ सांगाड्यापर्यंत उघडून केली जाणारी सर्वांत मोठी तपासणी, अशी ही चढती भाजणी असते. या कामांपैकी बरीचशी कामे निरोगी यंत्राला हात लावण्याची असतात: झाकण उघडायचे, भाग काढायचा, पाहायचा, पुसायचा, तेल घालायचे, पुन्हा बसवायचा. विमान सुरक्षित राहावे म्हणून केलेले हे प्रत्येक उघडणे-मिटणे चुकीलाही एक वाट करून देते, आणि ही गोष्ट विमानशास्त्राला फार पूर्वीच कळलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या विमानांच्या दुरुस्तीच्या नोंदी सी. एच. वॉडिंग्टन हे जीवशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी तपासत असताना त्यांना असे दिसले की, दर ५० तासांनी होणाऱ्या नियमित तपासणीनंतर बिघाड कमी होण्याऐवजी लगेच वाढतात आणि मग हळूहळू ओसरतात. म्हणजे तपासणीच बिघाडांना जन्म देत होती. पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅनले नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी विमानांच्या भागांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ६८ टक्के भागांच्या बाबतीत बिघाडाची शक्यता भाग नवा बसवल्यावर सर्वाधिक आणि नंतर कमी होऊन स्थिर राहणारी निघाली. ठरावीक मुदत भरली की भाग उघडायचाच हा जुना शिरस्ता त्यानंतर मागे पडला आणि गरज असेल तिथेच हात लावावा हे तत्त्व देखभालीच्या नियोजनात रुजले.

चूक हा शब्द व्यवहारात सरसकट वापरला जातो. अभ्यासक मात्र तिचे प्रकार वेगळे करतात, आणि हा भेद महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक प्रकारावरचा उपाय निराळा असतो. करायचे एक ठरवले आणि हाताने दुसरेच घडले, तर ती हातचूक. करायचे होते ते ध्यानातून गेले, तर ते विस्मरण. ठरवल्याप्रमाणेच सारे केले, पण मुळात समजूतच खोटी होती, तर ती निर्णयाची चूक. आणि नियम माहीत असताना वेळ वाचवण्यासाठी किंवा सगळेच तसे करतात म्हणून त्याला बगल दिली, तर तो नियमभंग. पहिल्या दोन प्रकारांवर प्रशिक्षणाचा फारसा उपयोग होत नाही, कारण हातचूक आणि विस्मरण ही मुरलेल्या कारागिरांचीच दुखणी आहेत. नवखा माणूस प्रत्येक पायरी वाचून करतो, आणि ज्याचे हात आपोआप चालतात त्याचेच मन मध्येच दुसरीकडे वळते.

१० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे एक बीएसी वन-इलेव्हन विमान ८१ प्रवासी आणि ६ कर्मचारी घेऊन बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाकडे निघाले, आणि उड्डाणानंतर तेराव्या मिनिटाला १७,३०० फुटांवर कॅप्टनसमोरची काच चौकटीतून निघून गेली. केबिनमधली हवा बाहेर झेपावली आणि तिच्याबरोबर कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत विमानाबाहेर खेचले गेले. केबिन कर्मचारी नायजेल ऑग्डेन यांनी त्यांना घट्ट धरून ठेवले, पुढे इतर सहकाऱ्यांनी ती पकड सांभाळली, आणि सहवैमानिक अलिस्टर ॲचिसन यांनी त्या भोवऱ्यात विमान साउथहॅम्प्टनला उतरवले. सगळे वाचले; कॅप्टन लँकेस्टर काही महिन्यांत पुन्हा विमान चालवू लागले. वैमानिक आणि कर्मचाऱ्यांच्या या धैर्याची कथा जगभर सांगितली गेली, पण अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाची रात्र त्याआधीची आहे.

विमानाची ती काच उड्डाणाच्या २७ तास आधी बदललेली होती. काम केले होते रात्रपाळीच्या देखभाल व्यवस्थापकाने, स्वतःच्या हातांनी, पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान. माणसे कमी होती, सकाळी विमान धुण्यासाठी द्यायचे होते, आणि बऱ्याच दिवसांच्या खंडानंतरची ही त्याची पहिलीच रात्रपाळी होती. कामाची पद्धत त्याने पुस्तकातून पाहून घेतली आणि ते काम सरळ वाटले. काच ९० बोल्टांनी बसते. काढलेल्या बोल्टांपैकी काही झिजलेले, काही रंगाने माखलेले दिसल्यामुळे त्याने नवे वापरायचे ठरवले, आणि हा निर्णय निष्काळजी माणसाचा नव्हे. ज्याला काम चोख हवे असते तोच असा खर्च आणि खटाटोप अंगावर घेतो. जुना बोल्ट नमुन्यादाखल हातात घेऊन तो स्टोअरमध्ये गेला आणि तो ‘७डी’ क्रमांकाचा असल्याचे त्याने जुळवून पाहिले. या काचेला ‘८डी’ बोल्ट लागतात, असे तिथल्या माणसाने त्याला सांगितलेही. पण काढलेले बोल्ट ७डी होते आणि काच इतकी वर्षे जागेवर होती, तेव्हा त्याला हातातला पुरावा अधिक खरा वाटला. वस्तुतः ते जुने बोल्टही चुकीचे, लांबीला थोडे कमी होते, म्हणजे आधीच्या एका कामातील चूक आता नमुना म्हणून पुढे आली होती. सुट्या भागांची अधिकृत यादी उघडली असती तर हे कळले असते. ती उघडली गेली नाही.

स्टोअरमध्ये ७डी बोल्ट पुरेसे नव्हते, म्हणून तो गाडी घेऊन विमानतळाच्या दुसऱ्या भागातल्या एका कप्प्यांच्या मांडणीकडे गेला, जिथे देखरेखीला कोणी नव्हते, उजेड अपुरा होता आणि कप्प्यांवरची लेबले धड वाचता येत नव्हती. वाचायचा चष्मा त्याने लावलेला नव्हता. बोटांनी चाचपून आणि डोळ्यांनी जुळवून त्याने ८४ बोल्ट उचलले, आणि ते निघाले ‘८सी’, म्हणजे व्यासाने ०.०२६ इंच, सुमारे पाऊण मिलिमीटरहूनही थोडे कमी, इतके बारीक. दोन्ही बोल्टांच्या आट्यांची दर इंचातली संख्या सारखीच असल्यामुळे बारीक बोल्टही नटात शिरून काहीसा धरत होता, आणि ठरावीक जोर लागला की ‘टक’ आवाज करणारा पेचकस नेहमीसारखाच आवाज करत असल्याचा भास होत होता. बोल्टाचे डोके खाचेत पुरते भरत नव्हते, हे समोरून पाहणाऱ्याला दिसले असते. पण शिडी-फलाटाची जागा नीट बसलेली नसल्यामुळे तो अंग ताणून, बाजूने हात लांबवून काम करत होता आणि त्याच्याच हाताने ती खाच झाकली जात होती. ९० पैकी ८४ बोल्ट बारीक आणि उरलेले ६ आखूड, अशी ती काच बसली.

त्या विमानाची काच बाहेरून बसवायची असल्यामुळे केबिनमधल्या हवेचा दाब तिला चौकटीत दाबून धरण्याऐवजी बाहेर ढकलत असे, आणि सारा भार बोल्टांवर येई. तरीही काच बसवणे हे ज्या कामांना दुसऱ्या माणसाची स्वतंत्र तपासणी सक्तीची असते, अशा कामांच्या यादीत नव्हते. ज्याने काम केले त्यानेच सही केली, आणि तो पाळीचा प्रमुख असल्यामुळे त्याच्या वर पाहणारे त्या रात्री कोणीच नव्हते. चौकशी अहवालाचे मोठेपण असे की, बोल्ट चुकले एवढे सांगून तो थांबला नाही. काम झाले त्या ठिकाणची रीतभात, सामान ठेवण्याची व्यवस्था, मनुष्यबळ आणि देखरेख यांच्यापर्यंत तो गेला. त्या माणसाच्या जागी उभे राहून पाहिले, तर त्याचा प्रत्येक निर्णय त्या क्षणी त्याला पटणारा होता. आणि चुकीचे काम बरोबर वाटायला लावणारी परिस्थिती जोवर तशीच राहते, तोवर माणूस बदलून काहीही साधत नाही, हे या प्रकरणातून पुरेसे स्पष्ट होते.

एका माणसाच्या हातातील काम दुसऱ्याच्या हाती जाते तो क्षणही असाच नाजूक असतो. ११ सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात ईगल लेकजवळ कॉन्टिनेंटल एक्सप्रेसचे एम्ब्राएर १२० विमान हवेतच मोडले आणि त्यातील १४ही जण मरण पावले. आदल्या रात्री शेपटाच्या आडव्या पंखाच्या पुढच्या कडेवरील, बर्फ झाडणारे रबरी आवरण बदलण्याचे काम चालू होते. डाव्या बाजूच्या वरच्या अंगाचे स्क्रू एका पाळीत काढले गेले. पाळी बदलली, काम अर्धे असल्याची नोंद लेखी झाली नाही, तोंडी निरोप ज्याला मिळायला हवा होता त्याला मिळाला नाही, आणि विमान सकाळी सेवेत गेले तेव्हा ४७ स्क्रू जागेवर नव्हते. त्या विमानाचा आडवा पंख उभ्या शेपटाच्या टोकावर असतो, त्यामुळे खालून पाहणाऱ्या वैमानिकाला ती उणीव दिसण्याचा संभवच नव्हता. अमेरिकी चौकशी मंडळाचे एक सदस्य जॉन लॉबर यांनी स्वतंत्र मत नोंदवून, ठरलेली पद्धत पाळली जाईल असे वातावरण कंपनीत निर्माण करण्यात व्यवस्थापन कमी पडले, याला अपघाताच्या कारणांत स्थान द्यावे असे म्हटले. बहुमताने त्यांचे म्हणणे तेव्हा मान्य केले नाही, पण नंतरच्या काळाने त्यांचीच दिशा धरली.

सवय कशी फसवते याचे उदाहरण ५ मे १९८३ चे आहे. ईस्टर्न एअर लाइन्सचे तीन इंजिनांचे लॉकहीड ट्रायस्टार विमान १७२ जणांना घेऊन मायामीहून बहामातील नासाऊकडे निघाले आणि काही वेळात तिन्ही इंजिनांमधून तेल गळू लागले. इंजिनाच्या तेलात धातूचे कण मिसळत आहेत का, हे पाहण्यासाठी एक छोटा चुंबकी शोधक बसवलेला असतो आणि तो नियमाने काढून नवा घालतात. तेल गळू नये म्हणून त्याला रबरी कडी लागते, जिला कारखान्यात ‘ओ रिंग’ म्हणतात. हे शोधक मुकादमाच्या कार्यालयात कडी चढवूनच ठेवलेले असत, असा त्या तंत्रज्ञांचा रोजचा अनुभव होता. त्या रात्री तिथे शोधक नव्हते, ते स्टोअरमधून आणले गेले, त्यांवर कड्या नव्हत्या, आणि ज्या गोष्टीकडे कधी पाहावेच लागत नसे तिच्याकडे कोणी पाहिले नाही. कार्यपत्रकावर मात्र कडी बसवल्याच्या ओळीसह सही झाली. एक इंजिन वैमानिकांनी बंद केले, उरलेली दोन वाटेत बंद पडली, आणि समुद्र जवळ येत असताना पहिले पुन्हा सुरू झाले, म्हणून ते विमान मायामीला परतले. तीन इंजिने एकाच वेळी निकामी होण्याची शक्यता नगण्य मानली जाते, ती तिन्हींचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतात असे धरून; एकाच हाताने एकच चूक तीन ठिकाणी केली की तो हिशेब कोसळतो. म्हणूनच लांबवर समुद्रावरून जाणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानांवर एकाच माणसाने दोन्ही इंजिनांचे तेच काम एका वेळी करू नये, असा दंडक आज पाळला जातो.

अलीकडचे उदाहरण लंडनच्या हीथ्रो विमानतळाचे आहे. मे २०१३ मध्ये रात्रपाळीच्या दोन तंत्रज्ञांनी एका एअरबस ३१९ विमानाच्या इंजिनांची झाकणे तेल पाहण्यासाठी उघडली, तेल घालण्याचे साधन आणायचे होते म्हणून ती खाली ओढली पण कड्या लावल्या नाहीत, आणि नंतर परतले ते दुसऱ्या जागी उभ्या असलेल्या, अगदी तशाच दुसऱ्या विमानापाशी. तिथली झाकणे बंद दिसली, तेल पुरेसे निघाले, मधल्या वेळात कोणीतरी काम पुरे केले असावे असा समज झाला. पहिले विमान सकाळी ७५ प्रवाशांसह ऑस्लोला निघाले; धावपट्टी सोडतानाच दोन्ही इंजिनांची झाकणे उडाली, एका इंजिनाची इंधननळी फाटली आणि परतीच्या वाटेवर त्याला आग लागली. विमान सुखरूप उतरले. या कड्या इंजिनाच्या पोटाखाली, जमिनीपासून इतक्या कमी उंचीवर असतात की त्या पाहायला माणसाला जवळजवळ लोळावे लागते, आणि अशी झाकणे या जातीच्या विमानांवरून यापूर्वीही अनेकदा उडालेली होती. जी चूक निरनिराळ्या देशांतली निरनिराळी माणसे पुन्हा पुन्हा करतात, तिचे मूळ माणसाइतकेच त्या वस्तूच्या घडणीत शोधावे लागते.

रीझन यांनी या सगळ्याला एक चित्र दिले, जे स्विस चीजचे प्रारूप म्हणून ओळखले जाते: भोके असलेल्या चीजच्या अनेक चकत्या एकामागे एक उभ्या केल्या, तर एकीतले भोक सहसा दुसरीने झाकले जाते, आणि सगळी भोके एका रेषेत आली तरच आरपार वाट मिळते. नियम, प्रशिक्षण, दुसरी तपासणी, वैमानिकाची फेरी या त्या चकत्या होत. कॅनडाच्या परिवहन खात्यातील गॉर्डन ड्युपॉन्ट यांनी १९९३ च्या सुमारास देखभालीत चुका घडवणाऱ्या बारा कारणांची जी यादी केली, तिच्यातील थकवा, घाई, विचलित होणे, निरोप न पोहोचणे, ‘आपल्याकडे असेच करतात’ ही रूढी आणि वरिष्ठांसमोर नाही म्हणता न येणे, ही कारणे जगातल्या बहुतेक हँगरमध्ये भिंतीवर लावलेली दिसतात. भित्तिपत्रकाने थकवा जात नाही, हेही तितकेच खरे. विमाने दिवसा उडतात म्हणून देखभाल रात्री होते, आणि पहाटेच्या ज्या प्रहरात शरीर झोप मागते त्याच प्रहरात सर्वांत बारीक कामे उरकावी लागतात. पाळ्यांची आखणी, पुरेशी माणसे आणि कामाच्या जागी पुरेसा उजेड यांवर होणारा खर्च म्हणूनच सुरक्षिततेवरचा खर्च धरला पाहिजे.

त्याहून अवघड प्रश्न शिक्षेचा आहे. चूक कबूल करणाऱ्याची नोकरी जात असेल, तर चुका लपतात, आणि लपलेली चूक किती काळ दडून राहू शकते याला मर्यादा नाही: १९७८ मध्ये शेपूट धावपट्टीला घासलेल्या जपान एअरलाइन्सच्या एका जंबो जेटच्या मागच्या दाबभिंतीची दुरुस्ती सदोष झाली, जिथे रिव्हेटांच्या दोन ओळींनी भार घ्यायचा तिथे तो एकाच ओळीवर आला, आणि ती भिंत सात वर्षांनी, १२ ऑगस्ट १९८५ रोजी फुटून ५२० माणसे मरण पावली. म्हणून विमानक्षेत्रात ‘जस्ट कल्चर’ म्हणजे न्याय्य वागणुकीची कल्पना स्वीकारली गेली आहे: प्रामाणिक चूक सांगणाऱ्याला संरक्षण, जाणूनबुजून केलेल्या बेपर्वाईला शिक्षा, आणि प्रत्येक प्रकरणात ‘कोणी’ या प्रश्नाआधी ‘कसे’ हा प्रश्न. बोइंग कंपनीने १९९० च्या दशकात देखभालीतील चुकांच्या चौकशीसाठी जी पद्धत तयार केली, तिचा पायाही हाच आहे. देखभालीसारख्या क्षेत्रात, जिथे चूक आणि तिचा परिणाम यांच्यात वर्षे जाऊ शकतात, तिथे याहून उपयोगी दुसरा मार्ग दिसत नाही.

भारतात विमान सेवेत सोडण्याचा अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना असलेल्या देखभाल अभियंत्याकडे असतो. त्याच्या सहीशिवाय विमान हलत नाही. मुंबई विमानतळावरील हँगर आणि नागपूरच्या मिहान प्रकल्पात २०१५ मध्ये सुरू झालेले, बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेले देखभाल केंद्र यांमुळे हे काम महाराष्ट्राला परके नाही, आणि ही सही करणाऱ्यांमध्ये मराठी घरांतली मुले-मुलीही आहेत. विमान वेळेवर सुटावे हा दबाव व्यवस्थापनाकडून येतो तसा प्रवाशांकडूनही येतो, कारण प्रवाशांचा संताप खिडकीवरून कार्यालयात आणि कार्यालयातून हँगरपर्यंत पोहोचतोच. ‘तांत्रिक कारणामुळे उड्डाणास विलंब होत आहे’ ही घोषणा कानी पडते, तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की विमानापाशी उभ्या असलेल्या कोणा एकाने अजून सही केलेली नाही. तो वेळ त्याला मिळू द्यावा.